शून्य, एक, दोन आणि मी

३ एप्रिल २००६, सोमवार. सकाळी ६.
पाचला उठायचं ठरवलं होतं. सहाला उठलो. सहा म्हणजे पाचच्या जवळच.

संकल्प. रोज जावा प्रोग्रॅमिंगच्या शंभर ओळी. चहा दोनदाच. पुण्याची नोकरी चार महिन्यांत का सुटली हे कोणालाही न सांगणे. अगदीच विचारलं तर हवामान.

दुपारी ३.
कुरखेड्यात संस्थेच्या दवाखान्यात रुजू झालो. दाराच्या पाटीवर माझ्या नावापुढे 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' लिहा म्हटलं. पाटीच नाही म्हणाले.

डॉ. हाजरा मॅडमनी काम सांगितलं. हिवाळ्यात तीन गावांत सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी रक्त तपासलं होतं, ४१२ माणसं. निकाल एका कागदी रजिस्टरमध्ये आहेत. आता प्रत्येकाला कार्ड द्यायचं. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे वाहक, त्याला स्वतःला त्रास नाही, पण दोन पिवळ्यांनी लग्न केलं तर मुलं लाल निघू शकतात. लाल म्हणजे आजार. मॅडम म्हणाल्या, महिनाभर घ्या, लेकिन पक्का करा. मी म्हटलं, आठवडा. त्यांना जावाची कल्पना नाही.

तीन गावांत आमचं हिरडीटोलाही आहे. तेव्हा मी पुण्याहून आलेलोच होतो, म्हणून मीही रक्त दिलं होतं. लोकांना धीर यावा म्हणून. मला तपासणीची गरज नव्हती.

५ एप्रिल, बुधवार.
४० ओळी झाल्या. उरलेल्या ६० उद्याच्या १०० मध्ये धरणे.

आज प्रोग्रॅममधल्या रजिस्टरचा साचा, म्हणजे क्लास, लिहिला. संपूर्ण प्रोग्रॅममध्ये याचं एकच ऑब्जेक्ट असणार. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करून टाकला, म्हणजे बाहेरच्या कोणालाही दुसरं रजिस्टर बनवताच येत नाही. कोणीही मागा, तेच एक मिळणार. याला सिंगलटन म्हणतात. रंजीताला समजावून सांगितलं. ती ऑफिसात डेटा एन्ट्री करते. तिला म्हटलं, जसा कुरखेडा तालुक्यात जावावाला मी एकटा, तसं हे रजिस्टर. तिने विचारलं, मंग तुमी बिमार पडले त? मूळ मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

ती मला अजयभाऊ म्हणते. 'सर' म्हणायला सांगितलं आहे. पण बोलताना माझ्याकडे एकटक बघते. किंवा माझ्या मागच्या घड्याळाकडे. पण मला वाटतं माझ्याकडेच.

६ एप्रिल, गुरुवार.
लाइट दहा ते चार नाही. इन्व्हर्टर लसींच्या फ्रिजला. त्यामुळे आजच्या ओळी शून्य, यात माझा दोष नाही.

चारनंतर कार्डाचे प्रकार लिहिले. पांढरं ०, पिवळं १, लाल २. साधे आकडे. रंजीता माझं जावाचं पुस्तक घरी नेते (मला न विचारता, पण ते मी समजू शकतो). म्हणाली, नव्या जावा पाचमंदी इनम नावाची सोय हाये, प्रकारच ठरवून द्याचे, तीन म्हणजे तीन, त्यात चौथं काई घुसत नाई. सीडीसुद्धा पुस्तकामागे आहे म्हणे. आपल्याकडे आधीचं जावा एक पॉइंट चार आहे आणि ते उत्तम चालतं. तिला म्हटलं, खरे प्रोग्रॅमर आकडे लक्षात ठेवतात, इनम नवशिक्यांसाठी.

ती म्हणाली, धानाच्या पोत्यावर दोन लिवला आन् मिठाच्या पोत्यावरबी दोनच लिवला, त हमालानं काय करावं जी? मी म्हटलं, हमालाने पोतं उघडून बघावं. ती म्हणाली, तुमचा हमाल बघते का उघडून? या प्रश्नाला उत्तर देण्यात वेळ घालवला नाही.

८ एप्रिल, शनिवार.
गावांनाही नंबर दिले. हिरडीटोला ०, मोहटोला १, कोसमटोला २. तीन प्रकार, तीन गावं, सगळीकडे शून्य-एक-दोन. काय देखणं दिसतं.

संध्याकाळी ५. कंपाइल केलं. मशीनने कोड वाचला, एरर शून्य. पुण्यात ते म्हणायचे की माझा कोड घाईचा असतो. त्यांनी आज इथे असायला हवं होतं.

१० एप्रिल, सोमवार.
मॅडम चौदा दिवसांच्या ट्रेनिंगला नागपूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, मी येऊन रजिस्टरशी ताडून बघेपर्यंत एकसुद्धा कार्ड वाटू नका. दोनदा म्हणाल्या. मी लिहून घेतलं आहे (हे तेच).

१२ एप्रिल, बुधवार.
रंजीताने ४१२ नावं दोन दिवसांत भरली. मी देखरेख केली. भरून झाल्यावर कागदी रजिस्टर रद्दीत टाक म्हटलं. तिने विचारलं, काऊन? एकाच कामाची दोन रजिस्टरं हे सिंगलटनच्या तत्त्वाविरुद्ध आहे. उद्या कोणी कागद दाखवून कम्प्युटर चूक म्हणेल. ती परत म्हणाली, पक्कं टाकू? पक्कं, म्हटलं. रजिस्टर पिशवीत घालून घेऊन गेली.

१३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६.
कार्डं छापली.

हिरडीटोला, सगळे पांढरे. एकही दोषी नाही. माझं गाव! मोहटोला, सगळेच्या सगळे पिवळे. कोसमटोला, सगळे लाल.

असं आजवर कोणाला सापडलेलं नसणार. आजार गावाप्रमाणे वाटला गेला आहे. बहुतेक विहिरीच्या पाण्यामुळे. निबंध लिहिणे. मॅडमचंही नाव टाकू, दुसरं.

रंजीता म्हणाली, असं होऊच शकत नाई, मी माह्या हातानं लिवलं होतं, मोहटोल्यात जास्त करून पांढरेच होते. मी म्हटलं, हाताला आठवत नसतं, कम्प्युटर विसरत नसतो. ती म्हणाली, एक तरी कार्ड तपासा. टेस्टिंग सोमवारी ठेवलं आहे.

१५ एप्रिल, शनिवार.
हिरडीटोल्यात पांढरी कार्डं मी स्वतः वाटली, बत्तासे देऊन. बाबांनी टोपी घातली होती. गावातले बुधूमामा म्हणाले, माह्या नातीचे हातपाय दुखतेत, दवाखान्यातून गोळ्या चालू हायेत, मंग पांढरं कसं? समजावलं की आता मशीनने बघितलंय, गोळ्या बंद केल्या तरी चालेल. मामा पाया पडायला लागले. नको म्हटलं.

दुपारी सोमारीबाई आल्या. मोहटोला आणि कोसमटोला, दोन्ही गावांच्या आरोग्यसेविका त्याच. मॅडमची अट होती की रजिस्टरशी ताडल्याशिवाय वाटू नका. पण रजिस्टर आता अस्तित्वातच नाही, म्हणजे अटही लागू होत नाही. दोन्ही गठ्ठे दिले.

सोमारीबाईंनी पिवळा गठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. म्हणाल्या, सारेच? मी म्हटलं, सारेच. म्हणाल्या, हातानं लिवलेलं खोडता येते, कम्प्युटरचं कसं खोडाचं. मला हे वाक्य आवडलं. निबंधात घेणे.

१७ एप्रिल, सोमवार.
टेस्टिंग उद्यावर. लाइट नव्हती.

१८ एप्रिल, मंगळवार.
सोमारीबाई सकाळीच येऊन पायरीवर बसल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत.

त्यांची मुलगी कमळा, हिचं लग्न तीस तारखेला ठरलं आहे. नवरा कोसमटोल्याचा सुकलू. कमळाचं कार्ड पिवळं, सुकलूचं लाल. चार वर्षं मीच घरोघरी सांगून राह्यली, म्हणाल्या, का रक्त तपासल्याबिगर सोयरीक करू नका. माह्याच सांगण्यावरून दोन लग्नं मोडली. आता माह्या घरचं कार्ड लपवू का? त्यांनी स्वतःच दोन्हीकडे सांगितलं. सुकलूच्या बापाने निरोप पाठवला आहे, लगीन नाही. कमळा दोन दिवसांपासून जेवली नाही.

मी म्हटलं, बाई, विज्ञान आहे. त्या म्हणाल्या, हव जी. आणि उठून गेल्या. पाणी दिलेलं तसंच राहिलं.

ते मीच पिऊन टाकलं. ऊन फार आहे.

१९ एप्रिल, बुधवार. लग्नाला (असलं तर) अकरा दिवस.
सुकलू चौदा किलोमीटर सायकल हाणत आला. धानाचं पोतं एकटा उचलेल असा गडी. टेबलासमोर उभा राहून म्हणाला, साहेब, मी बिमार कवा पडन? तारीख सांगा म्हणाला, म्हणजे तोवर बापाचं काम उरकून टाकतो. कोसमटोल्यात लाल कार्डवाल्यांनी दमायचं नाही असं कळल्यापासून चार दिवस कोणी मोहफुलं वेचायला गेलेलं नाही. फुलं झाडाखाली काळी पडून राहिली आहेत.

तारीख सांगता येत नाही म्हटलं. तो बसला नाही, तसाच परत गेला. आज रंजीताने घड्याळाकडे नाही, माझ्याकडेच बघितलं. मला ते नको होतं.

कोड उघडून बघणार आहे. चूक शोधायला नाही, चूक नाही हे सिद्ध करायला.

२० एप्रिल, गुरुवार. दहा दिवस.
दहाला लाइट गेली. सहा तास नुसता बसून होतो. चहा पाच.

संध्याकाळी ५. ओळ ८८.

रजिस्टरला तीन आकडे द्यायचे होते. कार्ड क्रमांक, गाव, प्रकार. मी दिलेत कार्ड क्रमांक, गाव, गाव. वरची ओळ खाली चिकटवली आणि शेवटचा शब्द बदलायचा राहिला. गाव शून्य, सगळे पांढरे. गाव एक, सगळे पिवळे. गाव दोन, सगळे लाल. रक्ताचा निकाल कुठेच साठवला गेला नाही. रंजीताने भरलेली ४१२ उत्तरं हवेत गेली.

जावाने एक शब्द बोलायला हवा होता. जावाच्या लेखी आकडा तो आकडा. पोतं उघडून बघितलं नाही.

खरे निकाल कुठे आहेत? रजिस्टरमध्ये. रजिस्टर कुठे आहे?

रात्रीचं जेवण नको म्हटलं.

२१ एप्रिल, शुक्रवार. नऊ दिवस.
पहाटे पाचला जाग आली. संकल्प पहिल्यांदा पाळला गेला, असा पाळायचा नव्हता.

बाजारातल्या रद्दीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, दवाखान्याचं काही आलं नाही. दुसऱ्याने गेल्या आठवड्याचा माल नागपूरला गेला म्हणून सांगितलं. पर्याय लिहिले. ४१२ जणांचं रक्त परत तपासणे: दोन महिने. अंदाजाने भरणे: खोडलं. पुण्याला परत जाणे: हवामान.

रंजीताला सांगायला हवं. धीर होत नाही.

२२ एप्रिल, शनिवार. आठ दिवस.
रंजीताला सांगितलं की प्रोग्रॅममध्ये एक किरकोळ सुधारणा आहे. ती म्हणाली, किती किरकोळ? मी म्हटलं, ४१२. ती चपला घालून घरी गेली. मला वाटलं, सोडून गेली.

तासाभरात आली. पिशवीत रजिस्टर. तांदळाच्या कोठीत ठेवलं होतं, पानांना तांदळाचा भुसा लागलेला. म्हणाली, तुमी टाक म्हणाले, मले वाटलं एक दुसरं असू द्यावं घरी.

टेबलावर डोकं ठेवून रडलो. असं लिहायला लाज वाटते, पण रडलो.

(विचार केल्यावर: तिच्या पिशवीत मीच घालू दिलं होतं. म्हणजे बॅकअपची सोय एका अर्थी माझीच.)

दुपारनंतर तिने जावा पाचची सीडी टाकली. इनम लिहिलं. पांढरं, पिवळं, लाल, संपलं. रजिस्टरला सांगितलं, तिसऱ्या जागी फक्त यातलंच घे. मग माझी ओळ ८८ होती तशी ठेवून कंपाइल केलं. एक एरर. ओळ ८८. इथे प्रकार हवा, तुम्ही आकडा दिला.

चार ओळींचं काम होतं.

२३ एप्रिल, रविवार. सात दिवस.
मी वाचलं, तिने भरलं. आधी मोहटोला. कमळाचं नाव आलं तेव्हा मला पुढचा रकाना वाचवेना. तिने वही ओढून घेतली. पांढरं. मग कोसमटोला. सुकलू, पिवळं. एक पांढरं, एक पिवळं. मुलांना आजार होणार नाही. लग्न होऊ शकतं.

आम्ही दोघं खुर्चीत मागे टेकून बसलो. ती हसली. हिच्याशी लग्नाचं बोलावं असं माझ्या मनात पक्कं झालं, आणि तिच्याही मनात असणार असं दिसलं. हिरडीटोल्याची नोंद तिने एकटीने केली, मी चहा आणायला गेलो होतो.

२४ एप्रिल, सोमवार.
मॅडम आल्या. मी भाषण तयार केलं होतं, त्यात लोडशेडिंग तीनदा होतं. त्यांनी पहिल्याच वाक्याला हात वर केला. रजिस्टर आणि नवी कार्डं घेऊन बसल्या, दिवसभर एकेक ताडून बघितलं. मग विचारलं, जुनी कार्डं परत कोण आणणार? मी म्हटलं, रंजीताला गावं चांगली माहीत आहेत. त्या म्हणाल्या, आप जाएंगे. घरोघर. आणि प्रत्येक घरात सांगणार की चूक कार्डाची नाही, तुमची होती.

२६ एप्रिल, बुधवार. चार दिवस.
मोहटोला. सकाळी गावात कोणी नाही, सगळे मोहाला गेलेले. दहा वाजेपर्यंत सोमारीबाईंच्या अंगणात बसून राहिलो. कमळा टोपली घेऊन आली, मला बघून टोपली खाली ठेवली नाही. मी म्हणालो, मी चुकलो. पांढरं कार्ड पुढे केलं.

तिने ते उलटून पालटून बघितलं आणि विचारलं, हे किती दिस पांढरं राह्यते?

मॅडमच्या हातची चिठ्ठी दाखवली, शिक्क्याची. चिठ्ठीवर तिचा विश्वास बसला. हाताने लिहिलेली होती म्हणून, असं सोमारीबाई म्हणाल्या. तीच चिठ्ठी घेऊन आम्ही कोसमटोल्याला गेलो. सुकलूच्या बापाने ती शेजाऱ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाला, मांडव टाकतो.

दिवसभरात 'मी चुकलो' एकोणपन्नास घरांत. पंचविसाव्या घरानंतर सवय होईल वाटलं होतं. होत नाही.

२८ एप्रिल, शुक्रवार.
हिरडीटोला. बुधूमामांच्या नातीचं लाल. गोळ्या बंद होऊन तेरा दिवस झाले होते, परवापासून ती कण्हत होती. मॅडमनी सकाळीच जीप पाठवून तिला दवाखान्यात नेलं. मामांनी कार्ड घेतलं आणि दार लावून घेतलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाबांनी आज टोपी घातली नाही.

गठ्ठ्यात शेवटचं कार्ड माझं. पिवळं.

प्रोग्रॅममध्ये चूक आहे असं आधी वाटलं. ओळ ८८ बघितली. मग रजिस्टर बघितलं. रंजीताच्या अक्षरात माझं नाव आणि पुढे वाहक, फेब्रुवारीपासून. मॅडम म्हणाल्या, कुछ नहीं होता, फक्त लग्न करताना मुलीचं कार्ड बघा.

३० एप्रिल, रविवार. दुपारी ४.
लग्न झालं. सोमारीबाईंनी दोन्ही कार्डं मांडवाच्या खांबाला सुतळीने बांधली होती, येणाऱ्या प्रत्येकाने बघावीत म्हणून. कमळा जेवली. हे मी मुद्दाम बघितलं.

पंगतीनंतर रंजीताला एका बाजूला बोलावून विचारलं. आधी माझं कार्ड दाखवलं, प्रामाणिकपणे. म्हटलं, तुझंही पिवळं असेल तर आपला नाइलाज, मी समजून घेईन. तशी मनाची तयारीही केली होती.

ती म्हणाली, माह्यं पांढरंच हाये. अडचण कार्डाची नाई, अजयभाऊ.

२ मे, मंगळवार.
प्रोग्रॅमचं काम आजपासून रंजीताकडे. पुढच्या सहा गावांची डेटा एन्ट्री माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, कागदी रजिस्टर कपाटात राहील, चावी रंजीताकडे.

सरावासाठी आधी स्वतःचीच नोंद पुन्हा भरली. नाव, गाव, वय. प्रकार या रकान्यात मी 'स्पेशल' असं टाइप करून बघितलं. घेतलं नाही. परत टाइप केलं. नाही घेतलं. तीनच पर्याय समोर आले. वाहक निवडलं. लगेच घेतलं.